शहराच्या बाजारात ताजे मासे विकायचे कसे?

मासळीचा धंदा हा खरं तर बर्फाचा धंदा. भाऊच्या धक्क्यावर लिलावात कितीही चांगला माल उचला, बर्फात काटकसर केली तर दुपारपर्यंत तो पडत्या भावात जातो.

माल घेताना कल्ला उघडून बघा. लाल, ओलसर हवा. तपकिरी, चिकट कल्ल्याचा मासा स्वस्त मिळाला तरी नको. डोळा फुगीर, अंग कडक, बोटाने दाबलं तर खळगा राहू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा बराचसा माल बर्फातला किंवा बाहेरगावचा असतो, म्हणून जास्त बारकाईने बघा.

पेटी भरताना किलोला किलो बर्फ धरा. तीस अंशांवरचा मासा शून्यावर आणायलाच किलोमागे साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅम बर्फ वितळतो. बाकीचा त्याला दिवसभर गार ठेवतो. लादी फोडून भुगा करा, मोठे खडे मासा ठेचतात. तळाला बर्फ, मग मासा, पुन्हा बर्फ. तळाला भोक हवंच, नाहीतर मासे रक्ताच्या पाण्यात भिजत राहतात. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्या. निळसर रंगाचा बर्फ खाण्यासाठी नसतो. बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त, तो वरच्या थरात, हलक्या बर्फाखाली. मुशी आणि वागळी वेगळ्या पेटीत: त्यांच्या अंगातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि शेजारच्या पापलेटलाही तो वास लागतो.

ओट्यावर थोडाच माल मांडा, बाकी पेटीत झाकून. सकाळी बांगडा आणि तारली आधी काढा. हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामीन नावाचं अपायकारक द्रव्य तयार होतं. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. ते शिजवूनही जात नाही, आणि मासा दिसायला ठीकठाकच असतो. सुरमई, हलवा थोडे थांबले तरी चालतं, तेही बर्फातच. खेकडा मात्र जिवंतच विकायचा. मेलेला टाकून द्या.

बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो बादलीत. त्याच पाण्यात हात, सुरी, मासा आणि फडकं, आणि तेच पाणी मासा चमकावा म्हणून मालावर शिंपडायचं! चमक येते, जंतूही येतात. पाणी वारंवार बदला. कापणाऱ्याने पैशाला हात लावू नये. दोघं असाल तर एकाने गल्ला सांभाळावा, एकटेच असाल तर पैसे घेतल्यावर हात धुवा. आतडी झाकणाच्या डब्यात. संध्याकाळी ओंडका घासून गरम पाण्याने धुवा, कापल्याच्या खाचांत सगळं अडकून बसतं.

मासा टिकावा म्हणून काहीजण फॉर्मेलिन हे रसायन लावतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते खाण्याच्या मालात चालतच नाही. २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनचा गवगवा झाला, तेव्हा गिऱ्हाइकांनी मासळीच घेणं कमी केलं होतं.

उरलेल्या मालाचं दुपारीच ठरवा. बांगडा खारवायचा तर तो कडक असतानाच. वास आलेल्याला मीठ लावून काही होत नाही. उरलेली सुरमई ताज्या बर्फात भरा, दुसऱ्या दिवशी वेगळी मांडा, भाव कमी लावा आणि कालची आहे म्हणून सांगा.