भिंत बंद होण्याआधी: आपल्या वळणाच्या बाथरूमची तयारी

बाथरूम नवं करायचं ठरलं की पावलं आधी टाइल्सच्या दुकानाकडे वळतात. तिथे जाण्याआधी आठवडाभराचं एक काम घरातच आहे. वही घ्या आणि घरातली माणसं बाथरूम कसं वापरतात ते लिहून काढा. कोण उभ्याने आंघोळ करतं, कोण बसून, ओला टॉवेल कुठे टाकला जातो, चष्मा कुठे ठेवतात, सकाळी आरशासमोर एका वेळी किती जण असतात. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी नोंद झाली की आई कमोडवरून उठताना दर वेळी वॉशबेसिनच्या कडेला धरते. रोज डोळ्यांसमोर घडत होतं, लक्षात आलं ते लिहिल्यावर. मग तिथे आधाराचा दांडा आला. तो दवाखान्यातल्यासारखा दिसू नये म्हणून पितळी रंगाचा घेतला आणि नळ, हुक, आरशाची चौकट सगळं त्याच रंगाचं निवडलं. आज आमच्या बाथरूमचं रूप त्या दांड्यामुळे आहे.

आवडलेले फोटो जरूर जमवा, पण वीस-पंचवीस झाले की ते शेजारी शेजारी ठेवून त्यांत पुन्हा पुन्हा काय दिसतंय ते शोधा. हिरवा रंग? लाकूड? गोल आरसा? त्यातली एकच गोष्ट ठळक करा, बाकीच्यांना शांत राहू द्या. छोट्या खोलीत तीन ठळक गोष्टी एकमेकींना झाकून टाकतात.

आता मापं. लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी घ्या, कारण भिंती क्वचितच सरळ असतात. दार उघडल्यावर कमोडला किंवा बेसिनला अडतं का ते पाहा. कमोड विकत घेण्याआधी आउटलेटचा, म्हणजे मैला बाहेर नेणाऱ्या पाइपच्या तोंडाचा, मध्य भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा आणि त्यात टाइल व तिच्याखालच्या मालाची जाडी धरायला विसरू नका. बेसिनची कड साधारण 80 ते 85 सेंटिमीटरवर ठेवतात, पण घरातली माणसं उंच असतील तर खुशाल वर घ्या. शॉवरजवळ कोनाडा हवा असेल तर सगळ्यात उंच बाटली घेऊन जा आणि ती भिंतीला लावून उंची ठरवा. बसून आंघोळ करणाऱ्यासाठी दुसरा कोनाडा खाली लागतो. कोनाड्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायला सांगा, नाहीतर साबणाचं पाणी तिथेच साचतं.

यापुढचा भाग कुणाला दिसणार नाही, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. टाइल्स आणि त्यांच्या सांध्यांतलं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही, ते काम त्यांच्याखालच्या वॉटरप्रूफिंगचं. ते जमिनीवर पूर्ण आणि शॉवरच्या भिंतींवर शॉवरच्या उंचीच्या वरपर्यंत हवं. जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा आणि पाइप बाहेर येतो ती जागा इथेच गळती सुरू होते, म्हणून तिथे पट्टी लावून घेतली का ते स्वतः बघा. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून वाहून जातं त्या जागेचं, तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि 24 ते 48 तास तसंच राहू द्या. खालच्या छताला ओल आली नाही आणि पाणी खुणेखाली फारसं उतरलं नाही, तरच टाइल्सना हात लावू द्या. या दोन दिवसांसाठी कारागिरांची घाई ऐकू नका. उतार 1 मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर पुरतो. टाइल्स बसल्यावर मगभर पाणी ओता. ते कुठेही न थांबता ट्रॅपकडे गेलं पाहिजे.

पाइप आणि वायर भिंतीत गेल्या, पण प्लास्टर व्हायचं आहे, त्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. पुढे शेल्फसाठी छिद्र पाडताना हेच फोटो उपयोगी येतात.

दिव्यांचे पॉइंटही त्याच दिवसाआधी ठरायला हवेत. फक्त वर दिवा असला की डोळ्यांखाली सावली पडते. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर उजेड हवा. मला 3000 केल्विनचा उबदार उजेड आवडतो. पाण्याजवळचे दिवे किमान आयपी 44 दर्जाचे, म्हणजे पाण्याचे शिंतोडे आत जाऊ न देणारे घ्या आणि सर्किटवर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. एक्झॉस्ट पंखा लावताना दाराखाली थोडी फट ठेवा, आत हवाच आली नाही तर पंखा बाहेर काय टाकणार?

आता जा टाइल्स बघायला. जमिनीसाठी नमुना घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी टाकून अनवाणी उभे राहा. पाय जराही सरकला तर कितीही सुंदर असली तरी ती टाइल परत करा. रंग बाथरूमच्याच दिव्याखाली बघा. एकूण मापापेक्षा 10 टक्के जास्त घ्या आणि प्रत्येक खोक्यावरचा बॅच व शेड नंबर जुळवा. आमच्याकडे दोन खोकी वेगळ्या बॅचची आली होती. दिवसा कळलं नाही, दिवा लावल्यावर भिंतीवर आडवी रेघ उमटली आणि दोन ओळी काढाव्या लागल्या.

झाडं, चित्रं, टोपल्या शेवटी. त्या हव्या तेव्हा बदलता येतात, त्यांची काळजी आत्ता नको. कडांना सिलिकॉन भरून झाल्यावर 24 तास पाणी लागू देऊ नका. उरलेल्या टाइल्स नंबरच्या खोक्यासकट माळ्यावर ठेवा.