मंदीत थकलेली येणी कशी वसूल करावीत
मंदीत नफ्यात चालणारा लहान कारखानाही रोकड आटल्याने बंद पडू शकतो, म्हणून कामगार कमी करण्याआधी येणी तपासावीत. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार, करारात मुदत कितीही लांबची लिहिलेली असली तरी, माल स्वीकारला गेल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज मागता येते. त्यासाठी बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि माल पोचल्याची सही जपून ठेवावी. स्मरणपत्रानेही भागले नाही, तर थकलेल्या येण्यांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा. मात्र निम्मा धंदा ज्या ग्राहकावर चालतो, त्याच्याकडून आधी हप्ते बांधून घेणेच व्यवहाराचे ठरते.