पायाची जुनी जखम: पट्टी आवळण्याआधी नाडी बघा

सांगली हळदीचं गाव, त्यामुळे महिनोन्‌महिने न भरलेली पायाची जखम उघडली की आत हळद ठासलेली सापडतेच. ती सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन काढा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नव्याने येणारं मांस त्याने जळतं. वर न चिकटणारी जाळी आणि गॉज. एवढं घरात कुणालाही जमतं.

खरी अडचण पुढे आहे. पाय सुजलेला दिसला की शेजारीपाजारी सांगतात, ‘क्रेप बँडेज घट्ट बांधा.’ हा सल्ला काही पायांना तारतो आणि काहींचा घात करतो. अशुद्ध रक्त वर चढत नसेल, तर जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, उथळ, सतत पाझरणारी असते आणि भोवतीची कातडी तपकिरी पडते. तिथे दाबाची पट्टी हाच मुख्य उपचार. पण शुद्ध रक्तच खाली पोचत नसेल, तर जखम बोटांवर किंवा टाचेवर, खोल, कोरडी, कडा कापल्यासारख्या, पाय गार. तिथे आवळलेली पट्टी उरलंसुरलं रक्तही अडवते.

सुरुवातीला मीही चुकले. विश्रामबागेतल्या एका आजी म्हणाल्या होत्या, ‘रात्री पाय खाली सोडला की बरं वाटतंय गं.’ रक्त कमी पडत असल्याची ती खूण होती. मी ऐकलं आणि तरीही घट्ट बांधलं. सकाळी बोटं निळसर झाली होती आणि नडगीच्या हाडावर पट्टीचा काळा वळ उठला होता. तो वळ भरायला मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस लागले.

म्हणून आता आधी नाडी. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत दोन बोटं हलकी ठेवा. मग आतल्या घोट्याच्या मागे. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याचीच नाडी लागते. नाडी लागली म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. दाबाची पट्टी सुरू करण्याआधी डॉप्लर तपासणी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह तपासणं, हवीच. रुग्णाला दहा मिनिटं आडवं झोपवून घोट्यापाशी मोजलेल्या रक्तदाबाचा वरचा आकडा हाताच्या वरच्या आकड्याने भागतात. हात १४०, घोटा ७० म्हणजे ०.५. आकडा ०.८ पेक्षा कमी असेल तर घट्ट पट्टी बांधायची नाही, आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. जुन्या मधुमेहींत धमन्या कडक झालेल्या असू शकतात, मग आकडा १.३ च्या वर, खोटाच चांगला येतो. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या.

रक्तपुरवठा चांगला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की खाली कापूस गुंडाळून बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधा. पाऊल काटकोनात, टाच झाकलेली, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा. नुसत्या पोटरीला बांधलंत तर पाऊल फुगतं. बोटं उघडी ठेवा. ती गार पडली, निळी झाली किंवा ठणकली, तर मध्यरात्रीही पट्टी सोडा.

टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली भिजवू नका, सोलू नका. ती ओली झाली, वास आला, लाली वर सरकू लागली किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना. तंबाखू, विडी आणि मिश्री आजपासून बंद. रक्तवाहिन्या आवळणारी ती दुसरी पट्टी आहे, आणि ती सोडवणं फक्त रुग्णाच्याच हातात असतं.