झाडाच्या रसाची वाइन: या चुका टाळा

सोलापुरात बसून हा प्रयोग करू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे दारू गाळणं तर सोडाच, परवान्याशिवाय घरी साधी वाइन आंबवणंही गुन्हा आहे, आणि शिंदीच्या झाडाला मडकं लावायलाही परवाना लागतो. तरी हे लिहितोय, कारण आपली पोरं आता फिनलंडला, कॅनडाला आहेत. तिथे घरच्या वापरापुरती वाइन करायला मुभा आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये बर्च नाहीतर मेपलच्या झाडाला रसासाठी नळी लावून झाली की त्यांचे फोन सुरू होतात. माझं आयुष्य साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, मोजण्यात गेलं, म्हणून घरचे ते फोन माझ्याकडे वळवतात. "काका, बुडबुडेच येईनात!"

येतील कुठून? निम्म्या तक्रारींचं मूळ एकच आहे. पोराच्या डोक्यात असते गावाकडची नीरा. शिंदीच्या किंवा ताडाच्या रसात १० ते १४ टक्के साखर असते आणि हवेतलं, मडक्यातलं यीस्ट त्यावर लगेच तुटून पडतं. म्हणून तर नीरेसाठी मडक्याला आतून चुना लावतात आणि तांबडं फुटायच्या आत ती उतरवतात. उन्हं वर आली की तिची ताडी झालीच. बर्चच्या रसात साखर असते जेमतेम १ टक्का, मेपलमध्ये २ च्या आसपास. हा रस नुसता ठेवला तर वाइन होत नाही, नासतो. द्राक्षातून साखर, आंबटपणा, तुरटपणा आणि यीस्टचं खाणं आपोआप मिळतं. इथे या चारही गोष्टी आपल्याला घालाव्या लागतात. जी विसराल, तिची तक्रार पुढे येते.

साखर अंदाजाने घालणं

१ ब्रिक्समागे साधारण ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल मिळतं. १२ टक्क्यांची वाइन हवी असेल तर सुरुवात २१ ब्रिक्सच्या आसपास झाली पाहिजे. म्हणजे सुमारे १.१ किलो साखर थोड्या रसात विरघळवायची आणि एकूण ५ लिटर होईपर्यंत रस घालायचा. ५ लिटर रस घेऊन त्यात साखर ओतली तर आकारमान वाढतं आणि हिशेब चुकतो. "थोडी जास्त घातली तर कडक होईल" हा समजही सोडा. साखर फार झाली तर यीस्ट अर्ध्यावर दम टाकतं आणि हातात उरतो गोडमिट्ट पाक.

मोजण्याचीही एक गंमत आहे. आपल्या कारखान्यांतले ब्रिक्स हायड्रोमीटर (रसात तरंगत ठेवून साखर मोजायची काचेची नळी) २७.५ अंश सेल्सिअसला बेतलेले असतात, तिकडे मिळणारे बहुधा २० अंशांना. इथला जुना सोबत नेला असेल तर हा फरक धरा. आणि आंबण सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं यंत्र, वापरू नका. अल्कोहोलमुळे त्याचं वाचन खऱ्यापेक्षा जास्त येतं आणि माणूस उगाच वाट पाहत बसतो.

लिंबू पिळत सुटणं

यात बरेच जण फसतात. बर्चचा रस जवळजवळ पाण्यासारखा असल्याने आंबटपणा पचवायची ताकद त्याच्यात नसते. द्राक्षरसाच्या पाककृतीतलं ॲसिडचं प्रमाण जसंच्या तसं उचललं तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट) ३ च्या खाली जातो आणि यीस्ट गप्प बसतं. ५ लिटरला दोन-तीन लिंबांपासून सुरुवात करा, पीएचची पट्टी बुडवून बघा, ३.२ ते ३.६ मध्ये थांबा. खाली गेलाच तर पोटॅशियम बायकार्बोनेटची चिमूट टाकून परत मोजा.

तुरटपणासाठी कपभर कोरा, कडक चहा पुरतो. बरेच जण घरून नेलेला बेदाणा टाकतात. टाका, चव भरते. पण आपल्या भागात द्राक्षं वाळत घालण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, तेव्हा बेदाणा गरम पाण्याने दोनदा धुऊन घ्या. आणि मूठभर बेदाण्याने यीस्टचं पोट भरतं, या भ्रमात राहू नका.

यीस्टला उपाशी ठेवणं

चौथ्या-पाचव्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास आला तर बहुतेक वेळा नायट्रोजन कमी पडलेला असतो. उपाय म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, आपलं डीएपीच. पण शेतकऱ्याच्या घरातला पोरगा हे नाव ऐकून काय करेल ते मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: खताच्या पोत्यातलं डीएपी घालायचं नाही, काही झालं तरी नाही. वाइनच्या सामानाच्या दुकानात मिळणारं खाण्याच्या दर्जाचंच घ्या. लिटरला अर्धा ते १ ग्रॅम, दोन हप्त्यांत: निम्मं आंबण सुरू होताच, निम्मं एक तृतीयांश साखर संपल्यावर.

पावाचं यीस्ट चालतं का? चालतं, पण लवकर थकतं आणि तळाशी नीट बसत नाही. वाइन यीस्टचं ५ ग्रॅमचं पाकीट ५ लिटरला पुरून उरतं, तिथे कंजुषी कशाला? ते ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात भिजवा. उकळत्या पाण्यात टाकलं तर मेलंच. पुढे भांडं १८ ते २२ अंशांत राहू द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० पार करतो तसल्या उकाड्यात यीस्ट आधी उधळतं, मग बंद पडतं. थंड देशात उलटी तऱ्हा: रात्री हीटर बंद झाला की बुडबुडे थांबतात आणि सकाळी फोन येतो. भांडं उबेला न्या, एवढंच.

रसाबद्दल दोन शब्द. बर्चला पालवी फुटायला लागली की रस गढूळ आणि कडवट होतो, त्याआधीचाच घ्या. काढलेला रस फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत वापरा. यीस्ट घालायच्या आधी ५ लिटरला अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकून २४ तास झाकून ठेवलं तर रानटी जंतू दबतात. घाईने लगेच यीस्ट घातलं तर तेही दबतं. घरात दमेकरी असेल तर हे रसायन टाळा, त्याऐवजी रस तापवून थंड करा. भांडं स्टीलचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको.

बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं समजणं

एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झाकणावरची नळी, शांत झाला याचा अर्थ साखर संपली असा नाही. १ किलो साखरेतून अडीचशे लिटरांच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला थोडासा जरी झाकण लावलेल्या काचेच्या बाटलीत अडकला तरी बाटली फुटते, आणि काच डोळ्यात जायला वेळ लागत नाही. हायड्रोमीटरचं वाचन सलग तीन दिवस तेच राहिलं आणि घनतेच्या पट्टीवर १.००० च्या (म्हणजे पाण्याच्या) खाली असलं, तरच पुढची पायरी. मग गाळ तळाशी ठेवून वरचं नळीने दुसऱ्या भांड्यात घ्या आणि ते काठोकाठ भरा. वर मोकळी जागा राहिली की हवा लागते आणि महिन्या-दोन महिन्यांत व्हिनेगरचा वास येतो.

तसा वास आलाच तर साखर घालून ती वाइन वाचवायला जाऊ नका, ती परत येत नाही. वेगळ्या बरणीत काढून, तोंडाला फडकं बांधून पूर्ण सिरका होऊ द्या आणि कांद्याला लावून खा. फक्त ती बरणी, नळी आणि फडकं पुढच्या वर्षी वाइनच्या सामानात मिसळू देऊ नका.