बिल्डिंगमधून वाडीत: वसईच्या वाड्या सायकलवर कशा फिरायच्या

आपल्यातले बरेच जण नालासोपारा-विरारला राहतात, रोज लोकल पकडतात, आणि स्टेशनच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर केळी-सोनचाफ्याच्या वाड्या आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. मीही चार वर्षं त्यातलाच होतो. बाईकवर गेलात तर भुर्रकन बीचला पोचाल, गाडी गल्लीत शिरणारच नाही, आणि चालत जायला अंतर जास्त. म्हणून सायकल.

सायकल कुठलीही चालते, गिअरची गरज नाही कारण समुद्रापर्यंत सगळं सपाट आहे. फक्त ब्रेक आणि बेल बघून घ्या, वाडीतल्या गल्ल्या अरुंद आणि वळणं आंधळी, समोरून कधी बकरी येईल, कधी पोरं. पंक्चरचं सामान आणि छोटा पंप बरोबर ठेवाच. मी एकदा ठेवला नव्हता, कुंपणाचा काटा घुसला आणि भर उन्हात सायकल ढकलत स्टेशन गाठलं.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसात हिरवळ जबरदस्त असते पण इथे पाणी तुंबतं, आणि पाण्याखाली खड्डा कुठे ते कळत नाही. सकाळी सहा-साडेसहाला निघा. ऊन चढलं की वाडीतली कामं आटपलेली असतात आणि मग नुसती बंद फाटकं बघत फिरावं लागतं.

रूट सोपा आहे. नालासोपारा पश्चिमेहून सोपारा गाव, तिथून गास, मग निर्मळ, वाघोली आणि शेवटी भुईगावचा किनारा, आत-बाहेर करत जाऊन-येऊन २० किलोमीटरच्या आसपास होतात. सोपाऱ्याला वेळ असेल तर बौद्ध स्तूप बघा, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढलेला. लोक रोज बाजूने रिक्षातून जातात आणि मान वळवत नाहीत. गास आलं की मात्र मेन रोड सोडा. जिथे दोन्ही बाजूंना नारळ दिसतील आणि हवा एकदम गार लागेल तिथे आत वळायचं, मॅप बंद करून. चुकलात तरी कुणीतरी सांगतंच.

आत काय बघायचं? पहिलं म्हणजे बावखल. वाडीत खणलेलं मोठं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. समुद्र एवढा जवळ असून विहिरी गोड राहतात त्यात याचा मोठा वाटा आहे. पूर्वी त्या पाण्यावर रहाट चालायचे, आता मोटर. कुठे बावखल बुजवून त्यावर घर उभं राहिलेलं दिसेल, तेही बघून ठेवा. वसईची हिरवाई वाचवायला इथले धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेलं हरित वसईचं आंदोलन उगीच झालं नव्हतं.

मग वाफे. अळू, पालक, मुळा, मांडवावर दुधी आणि शिराळी, कडेला पानवेली. सोनचाफ्याची तोडणी बघायला मिळाली तर थांबाच. मी बघितलं तेव्हा एक काका हाताने कळ्या तोडत होते, पूर्ण उमललेलं फूल सरळ बाजूला टाकत होते. मी विचारलं हे का टाकलं, तर म्हणाले, "दादरला पोचेपर्यंत पाकळ्या गळतात त्याच्या, ते घरच्या देवाला." मग त्यातली दोन माझ्या हातावर ठेवली, दुपारपर्यंत शर्टाच्या खिशाला वास होता.

आता वागायचं कसं. ही बाग नाही, कुणाचं तरी घर आणि पोट आहे. फाटकाशी सायकलवरून उतरा, हाक मारा, "आत येऊन बघू का?" विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, नाही म्हणाले तर पुढे जा, वाड्यांना काय तोटा! सायकल वाफ्याच्या बांधावर अजिबात घालू नका. मी घातली होती, पाटाचा काठ फुटला, पाणी भलतीकडे गेलं आणि एका आजीने माझी अशी काही खरडपट्टी काढली की मुकाट्याने फावडं घेऊन तो काठ बांधून दिला. आणि फोटो काढताना माणसांना आधी विचारा, रील तर नंतरच.

निघताना काहीतरी विकत घ्या, घासाघीस न करता. भाजीची जुडी नाहीतर केळी. सुकेळी मिळाली तर सोडू नका: राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधतात, खजुरासारखी चिवट-गोड लागतात. ताजी केळी मात्र कॅरिअरला बांधू नका, निर्मळपासून सोपाऱ्यापर्यंतच्या खड्ड्यांत त्यांचं शिकरण होतं, सॅक रिकामी आणा आणि केळी सगळ्यात वर ठेवा.