तीर्थनवर ट्राउट गरवायला जाताय? या चुका टाळा

मासा लागला नाही की आपण आधी हाताला दोष देतो. फेक चुकली, माशी (हुकावर पिसं-धागे बांधून केलेला नकली किडा) चुकीची बांधली, रॉड हलका पडला. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर गाइडबरोबर चार हंगाम काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: बहुतेक ट्राउट आपण पायांनी गमावतो. म्हणून पायांपासूनच सुरुवात करतो.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण त्याचं खाणं वरून वाहत येतं. जोरदार धारेत तो ताकद घालवत नाही. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, किंवा काठाला लागून जिथे पाणी मंदावतं तिथे असतो. आणि आपण काय करतो? गाडीतून उतरतो, वेडर (छातीपर्यंत येणारी जलरोधक पँट) चढवतो आणि थेट मांडीभर पाण्यात शिरतो. पहिल्या वर्षी गुशैणी गावाच्या खाली मी असाच मधल्या डोहावर तासभर माशी टाकत होतो. गाइडने खांद्याला हात लावून मागे पाहायला सांगितलं. काठालगत हातभर रुंदीचा शांत पट्टा होता, आणि माझ्या बुटांनी उठलेला गाळ अजून त्यात तरंगत होता. मासे तिथेच होते, मी त्यांना तुडवत आत गेलो होतो.

त्यामुळे पाण्यात पाय घालण्याआधी काठाजवळची पाच-सहा मीटरची पट्टी गरवून घ्या. खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून वर सरका. सावली पाण्यावर पडू देऊ नका, भडक रंगाचे कपडे घालू नका. गोटा गोट्यावर आपटला की ती खडखड पाण्यातून लांबवर पोचते, म्हणून पाय उचलून टाकण्यापेक्षा सरकवत चला. गाइड गुडघ्यावर बसला तर तुम्हीही बसा.

लवकर पाण्यात न शिरण्याचा आणखी एक फायदा आहे. काठावरचा एखादा ओला दगड उलटा करून बघा. खाली वाळूच्या कणांची नळी विणून चिकटलेली अळी दिसेल, चपट्या अंगाच्या, शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेल्या अळ्या पळताना दिसतील. ट्राउट हेच खातो. डब्यातली माशी या आकाराची आणि रंगाची निवडा. दगड परत होता तसा ठेवा.

आता हात. कोकणात किंवा धरणावर गरी टाकून शिकलेल्यांची इथे हमखास अडचण होते. गरीला वजन असतं, ते दोरी ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं जाड लाईनला. ती मागे पूर्ण उलगडली तरच पुढे जाते. मागे चाबकासारखा फटकारा ऐकू आला आणि माशी गायब झाली, तर तुम्ही पुढची फेक घाईने सुरू केलीत. पुढे लाईनचा ढीग पडत असेल, तर मागे रॉडचं टोक फार खाली गेलं. लीडरवर, म्हणजे लाईन आणि माशी यांच्यामधल्या बारीक दोऱ्यावर, छोट्या गाठी दिसत असतील, तर जोर कमी करा आणि ती गाठ कापून टाका, कारण नेमका तिथेच मोठा मासा टिपेट (लीडरचं शेवटचं, सर्वांत बारीक टोक) तोडतो. काही कळेनासं झालं तर मान वळवून लाईन मागे उलगडताना बघा, दोन फेकीत फरक पडेल.

मासा वर येतो, माशीपाशी थबकतो आणि परत वळतो? माशी बदलायची घाई करू नका. मधली वेगवान धार लाईनला ओढते आणि माशी पाण्यावर रेघ काढत घसरते. खरा किडा तसा वाहत नाही. लाईन पडल्याबरोबर तिचा मधला भाग वरच्या अंगाला उलटवा, रॉड उंच धरा, आणि मुख्य म्हणजे पाण्यावर कमी लाईन ठेवा. तीर्थनसारख्या दगडाळ नदीत आठ-नऊ मीटरच्या पुढे फेकायची गरज क्वचितच पडते. मासा लागला की रॉड नुसता उचला, हिसका नको.

घरूनच होणाऱ्या काही चुका आहेत. हिमाचलात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते, कारण तो विणीचा काळ. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं, दुपारनंतर जास्तच, तेव्हा पहाट गाठा. जुलै-ऑगस्टला गढूळ पाणी. मला स्वतःला मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर हेच दिवस आवडतात. मत्स्य विभागाचा परवाना तुमच्या नावावर हवा, गाइडच्या परवान्यावर तुमचं भागत नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत जाणार असाल तर तिथली परवानगी वेगळी.

गाइड ठरवताना फोनवरच विचारा: फ्लाय की स्पिनर (पाण्यात गरगरणारं धातूचं आमिष)? खोऱ्यातली कितीतरी मंडळी स्पिनरवर वाढली आहेत आणि त्यात तरबेज आहेत, पण फ्लायचे धडे त्यांच्याकडून मिळतीलच असं नाही. आणि आपली तयारी खरी सांगा. ‘थोडंफार येतं’ असं मोघम सांगितलंत तर तो तुम्हाला अवघड जागी नेईल आणि दिवस झुडपांतून माश्या सोडवण्यात जाईल. साडेआठ ते नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा रॉड, तरंगती लाईन, 4एक्स-5एक्स जाडीचं टिपेट एवढं पुरतं. टिपेट आणि माश्या पुण्या-मुंबईहूनच बांधून न्या, बंजारच्या बाजारात मिळतील या भरवशावर निघू नका.

एका बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. गाइड ‘बाहेर या’ म्हणाला की लाईन गुंडाळत बसू नका, बाहेर या. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी पाऊस झालेला असतो. काठावरचा एक दगड खुणेला धरून ठेवा. तो बुडू लागला, पाणी दुधाळ किंवा मातकट झालं, पानं-काटक्या वाहत आल्या, की निघायचं. तीर्थन खाली लारजीला ब्यासला मिळते, आणि तिथे धरण आहे. 8 जून 2014 ला थलौटजवळ त्या धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. ब्यासच्या त्या पट्ट्यात फोटोसाठीसुद्धा पाण्यात उतरू नका. वेडरचा कमरपट्टा कायम आवळलेला हवा, म्हणजे पडलात तर आत पाणी पटकन भरत नाही.

शेवटी मासा हातात आल्यावर. ब्राउन ट्राउट इथला मूळचा नाही, इंग्रजांच्या काळात 1909 च्या सुमारास कुल्लूत आणला गेला, पण आता तो याच पाण्यात वाढतो, वितो. कोरड्या हाताने धरलात तर त्याच्या अंगावरचं बुळबुळीत संरक्षक आवरण निघून जातं. हात आधी ओले करा. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून टाका. फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करून ठेवा. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली नुसता तळहात ठेवा, ढकलू नका. कल्ले संथ उघडझाप करतात, शेपूट एकदा तळहाताला घासते, आणि मग तो स्वतःहून जातो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं असेल तर त्या दिवशी गरवणंच थांबवा, दमलेला ट्राउट सोडूनही मरतो.

जेवणात ट्राउट हवाच असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी सकाळीच सांगून ठेवा. खोऱ्यात ट्राउटची शेती होते, संध्याकाळपर्यंत ताजा मिळतो.