म्हशीत नेमकं काय सुधारायचं? गुण निवडताना या चुका टाळा

आमच्या गोठ्यात एक रेडी होती. शिंगं जिलबीसारखी वळलेली, कातडी काळीभोर, तुकतुकीत. पाण्यावर निघाली की माणसं वळून बघायची. मुऱ्हा जातीच्या रेड्याचं रेत भरून झालेली आमच्या घरातली ती पहिलीच, म्हणून मी तिचे फोटो पै-पाहुण्यांना पाठवले होते. पावणेचार वर्षं सांभाळल्यावर ती व्याली आणि वहिनीला कासेला हात लावू देईना. सड बोटाच्या पेरापेक्षा थोडेच मोठे आणि धार इतकी जड, की चार लिटर काढायला अर्धा तास. महिनाभर वहिनीनं सोसलं, मग एका सकाळी चरवी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "भाऊजी, शिंगं पिळून दूध निघतंय का, तेवढं बघा की."

चूक म्हशीची नव्हती. रेत निवडताना मी शिंगं मागितली होती, ती मला मिळाली. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत ओळखीच्या गोठ्यांत फिरताना अशाच चुका थोड्याफार फरकानं दिसतात.

बाजाराच्या नजरेनं निवडणं

बाजारात जनावर बघायचं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यानं. शिंगांचा वळसा, शेपटीचा गोंडा, उंची, रंग यावरून जातीचा अंदाज येतो आणि विकताना भावही वाढतो. दूध काढायला मात्र यातलं काही उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती कासेची ठेवण, सडांची लांबी आणि त्यांच्यातलं अंतर, धार हलकी की जड आणि स्वभाव. हे गुण आईबापाकडून बऱ्यापैकी येतात, म्हणजे निवड करून सुधारतात. रेत ठरवतात पुरुष आणि धार काढतात बायका, अशी बहुतेक घरांतली रीत आहे. त्यामुळं हे गुण यादीत येतच नाहीत. रेडी कोणत्या म्हशीची ठेवायची हे आधी धार काढणारीला विचारा. तिला प्रत्येक म्हशीच्या चारही सडांची खोड माहीत असते.

दावणीचा दोष रक्तात शोधणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथं जरा थांबतो.

डेअरीत फॅट कमी लागली की माणूस म्हणतो, "जात बदलूया." माज येईना की म्हणतो, "दुसऱ्या रेड्याचं भरूया." अशा वेळी आधी एकच विचारावं, हा दोष रक्ताचा आहे की दावणीचा?

कुठला गुण रक्तातून किती येतो याचे ढोबळ आकडे ठरलेले आहेत. जनावराजनावरांत दुधाचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण २५ ते ३० टक्के रक्ताचा, बाकीचा वैरण, पाणी, हवा आणि निगराणीचा. फॅटच्या टक्क्यात रक्ताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. गाभण राहणं, दोन वेतांतलं अंतर, उलटणं (म्हणजे रेत भरूनही गाभण न राहणं) या गोष्टींत तो जेमतेम ५ ते १० टक्के. काससुजीचंही, म्हणजे आपल्याकडच्या दगडीचंही, जवळपास तसंच.

म्हणजे फॅट रक्तातून सुधारते, पण एका वेतात ती अचानक घसरली असेल तर कारण रक्त नसतं, कारण रक्त महिन्यात बदलत नाही. तेव्हा बघायचं ते हे. धार पूर्ण निघते का? शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असते. पहिली धार चरवीत काढून शेवटी रेडकू सोडत असाल, तर फॅट रेडकाच्या पोटात आणि पातळ दूध डेअरीत जातं. मग कोरडी वैरण बघा. नुसत्या हिरव्यावर आणि पेंडीवर ठेवलेल्या म्हशीची फॅट पडते, कडबा वाढवला की काही दिवसांत वर येते.

ऊसपट्ट्यात हंगामात चार महिने वाड्यांवरच, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्यावरच, म्हशी असतात. वाड्यात ऑक्झलेट असतं आणि ते जनावराच्या पोटातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाडे कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून आणि जोडीला कडबा-खनिज मिश्रण देऊन घातले तर त्रास कमी होतो. हे न करता महागडी कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची नळी, भरली, तर होणाऱ्या रेडीलाही तेच वाडे खावे लागणार.

रेडीला माज येत नाही ही तक्रारही बहुतेक वेळा दावणीचीच. लहानपणी दूध सगळं डेअरीला आणि रेडकाला नुसता वास, असं झालं की ती रेडी चार-साडेचार वर्षांपर्यंत रेंगाळते. त्यात म्हशीचा मुका माज, बाहेरून फारसा न कळणारा. उन्हाळ्यात तर तो रात्री किंवा पहाटेच दिसतो. ज्याचा गोठा घरापासून लांब, त्याला तो कळतच नाही. मग दोष रेत भरणाऱ्याच्या माथी.

तरी गाभण राहण्याचा गुण रक्तातून कमी येतो म्हणून तो सोडून देऊ नये. नुसत्या दुधाच्या मागं लागून जगभर होल्स्टीन गाईंची गाभण राहण्याची क्षमता घसरली. नॉर्वेसारख्या देशांनी १९७० च्या दशकातच वळू निवडताना मुलींचं गाभण राहणं आणि काससुजी हिशोबात धरायला सुरुवात केली. एकेका वळूच्या शेकडो मुलींच्या नोंदी असल्यामुळं त्यांना ते जमलं. चार म्हशींच्या गोठ्यात ते जमत नाही. आपल्या हातात एवढंच, की जी दर वेताला तीन-चार वेळा उलटते तिची रेडी पैदाशीसाठी ठेवायची नाही.

आईचं दूध बघून भुलणं

"हिची आई बारा लिटरची." बाजारात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. ते खरं धरूया आणि हिशोब करूया.

समजा तुमच्या गोठ्याची सरासरी दिवसाला ७ लिटर आहे आणि एक म्हैस ११ लिटर देते. वरचढ ४ लिटर. त्यातला रक्ताचा भाग पाव धरला तर १ लिटर. त्यातलं निम्मं आई देते, निम्मं बापाकडून यायचं. म्हणजे बाप सरासरीचा असेल तर त्या ११ लिटरवालीच्या मुलीकडून अपेक्षा ७ ऐवजी साडेसात लिटरची. नशिबानं ती १० लिटरची निघेल किंवा ६ ची, पण धरून चालायचं ते अर्ध्या लिटरवर.

आणखी एक अडचण. चार म्हशी असल्या की वर्षाला तीन रेडकं होतात, त्यांतली निम्मी रेडे. एखादं दगावतं. जी एक रेडी उरते ती म्हाताऱ्या म्हशीच्या जागी ठेवावीच लागते. मग निवडायचं कशातून? आईच्या बाजूनं आपल्याला निवड जवळजवळ नसतेच, ती असते कांडीच्या बाजूनं. म्हणून बापाकडं जास्त लक्ष द्या. त्याच्या आईनं किती दूध दिलं हे ठीक, पण त्याच्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत दुधात येऊन तपासल्या गेल्या आहेत का, हे त्याहून मोलाचं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' जाहीर झाली. डीएनएवरून लहान वयातच चांगला वळू ओळखण्याची ती सोय आहे. पुढं तिचा उपयोग वाढेल, पण कांडी घेताना प्रश्न विचारायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.

सगळं एकदम मागणं

दूधही हवं, फॅटही हवी, दर वर्षी वेतही हवं, शिंगंही वळलेली, शांतही हवी, कमी खाणारीही हवी. असं स्थळ माणसांतही मिळत नाही.

पैदासशास्त्रात याचा साधा हिशोब आहे. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्याच मोलाचे दोन गुण एकदम निवडले, तर प्रत्येकातली प्रगती एकट्याच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येते. चार निवडले तर निम्म्यावर, नऊ निवडले तर तिसऱ्या हिश्श्यावर. त्यातून काही गुण एकमेकांचे पाय ओढतात. दूध वाढत गेलं की फॅटचा टक्का सहसा खाली येतो.

त्यामुळं दोन, फार तर तीन गुण घ्या. बाकीच्यांसाठी फक्त एक खालची रेघ ठरवा: लाथ मारणारी नको, सड अमुक बोटांपेक्षा आखूड नको. रेघेच्या वर असलं की पुरे, तिथं अजून चांगलं शोधायचं नाही.

धरसोडही याच चुकीची बहीण. आज रेत भरलं तर साधारण ३१० दिवसांनी रेडकू, ते व्यायला साडेतीन-चार वर्षं आणि त्याचं पहिलं वेत मोजून होईपर्यंत पाच-साडेपाच वर्षं. यंदा मुऱ्हा, पुढच्या वर्षी सुरती, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मेहसाणा, असं करणाऱ्याला कुठल्याच निर्णयाचा निकाल बघायला मिळत नाही.

दूध कुठं जातं हे न बघणं

शेजारी-शेजारी दोन घरं. एक डेअरीला घालतं, दुसरं बेळगावात रतीब घालतं. दोघांनी एकच कांडी भरावी का?

ढोबळ हिशोब बघा. ८ लिटर ६ फॅटचं दूध म्हणजे सुमारे ४८० ग्रॅम फॅट. ७ लिटर साडेसात फॅटचं म्हणजे ५२५ ग्रॅम. डेअरीत फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागावर) पैसे मिळत असतील तर लिटरभर कमी देणारी दुसरी म्हैस पुढं जाते. रतीबवाल्याला मात्र लिटरचेच पैसे, त्याला पहिली परवडते. खवा-कुंद्यासाठी दूध घालणाऱ्याचं गणित पुन्हा वेगळं, त्याला दुधातला एकूण घट्टपणा हवा. आपलं दूध कोणत्या मापानं विकलं जातं, त्याच मापाचा गुण यादीत पहिला.

दुसऱ्याच्या हवेतलं जनावर आणणं

आमचा बेळगाव जिल्हा एक असला तरी हवा एक नाही. खानापूरच्या डोंगरातल्या कणकुंबीला पाऊस धो-धो, गोठ्यात महिनोन्‌महिने चिखल, गोचीड. अथणीकडं कोरडं ऊन. अथणीत चाललेली म्हैस खानापूरच्या डोंगरात चालेलच असं नाही आणि जास्त रक्ताची एचएफ (होल्स्टीन) गाय दोन्हीकडं हाल काढते. संकरित गाईत परदेशी रक्त साधारण ५० ते ६२ टक्क्यांच्या आसपास ठेवावं, हा आपल्याकडचा जुना सल्ला याच कारणासाठी. पहिल्या पिढीची संकरित गाय जोमदार निघते, मग माणूस हावेनं पुन्हा एचएफ भरतो, आणि पुढच्या पिढीला ताप-गोचीड झेपत नाही. लहान चणीच्या गावठी कालवडीला थोराड वळूचं रेत भरलं तर आधी व्यायलाच अडतं, तिथं जर्सी बरी.

इकडं पंढरपुरी म्हैस आहे, तलवारीसारख्या लांब शिंगांची. नियमित वेतासाठी आणि कमी वैरणीवर निभावण्यासाठी ती ओळखली जाते. कोल्हापुरात कट्ट्यावर उभ्या उभ्या धारोष्ण दूध देते ती हीच. धारवाडी म्हशीचीही आता जात म्हणून नोंद झाली आहे. दुधाचा आकडा मुऱ्हापेक्षा लहान म्हणून यांना सरसकट मुऱ्हाचं रेत भरण्याआधी आपल्याकडं मुऱ्हाला पुरेल एवढी हिरवी वैरण बारा महिने आहे का, हे पाहावं.

मेंढरांतही हेच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गरोळ मेंढीतलं जुळी देणारं एक जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. एकाच जनुकाचा गुण असल्यामुळं तो लवकर आला. बांधून, खुराक घालून पाळणाऱ्याला जुळी म्हणजे चांदी. पण कळप घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या धनगराला दोन कोकरं पोसायची तर मेंढीला तेवढं दूधही हवं, आणि चालताना ती कोकरं उचलणार कोण?

गुणाची किंमत काळानंही बदलते. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या चिकट रानात नांगर ओढायला कृष्णाकाठची गोजात १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात घडवली गेली. सांगली संस्थानचं नाव त्यात घेतलं जातं. ट्रॅक्टर आला आणि त्या ताकदीला गिऱ्हाईक उरलं नाही. खिलार बैलांचं उलट झालं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचे कायदे वैध ठरवले आणि पळणाऱ्या खोंडाला मागणी आली. पण शर्यतीचा तापट खोंड औताला लावून बघा, संध्याकाळपर्यंत कळेल.

नात्यात भरणं आणि नोंद न ठेवणं

गावचा एकच रेडा सात-आठ वर्षं राहिला की तो स्वतःच्याच मुलींवर जातो. बाप-मुलीच्या संकरातून होणाऱ्या रेडकात आंतरपैदाशीचं प्रमाण २५ टक्के, सावत्र भावंडांच्या संकरात साडेबारा. रेडकं खुरटी होतात, दगावतात, म्हशी उलटतात, आणि आपण वैरणीला दोष देतो. हा मात्र दावणीचा नव्हे, रक्ताचा दोष. दोन-तीन वर्षांनी रेडा दुसऱ्या गावाशी बदलून घ्यावा.

कांडी भरणाऱ्यांनाही हे लागू आहे, फक्त तिथं बाप दिसत नाही. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. रेत भरल्यावर मिळालेली कन्नडमधली चिठ्ठी मी खिशात ठेवायचो आणि ती धुण्यात जायची. आता कांडी फेकायच्या आत मोबाईलवर तिचा फोटो काढतो आणि खाली म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर व तारीख लिहितो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, दोन्ही वेळचं दूध मापून त्याच ठिकाणी टाकतो. दहा महिन्यांचे दहा आकडे, प्रत्येकाला तीसनं गुणून बेरीज केली की वेताचा बऱ्यापैकी खरा अंदाज निघतो. या नोंदींतून मला पहिल्यांदा कळलं ते असं, की गोठ्यातली सगळ्यात 'दुधाळ' म्हणून मिरवलेली म्हैस पहिले दोन महिनेच दुधाळ होती. सहाव्या महिन्यात आटायची. वेताच्या बेरजेत ती तिसरी आली. पहिली आली ती एक बुटकी, वाकड्या शिंगांची, जिचा फोटो मी कधी कुणाला पाठवला नव्हता.